मिठागरवाल्या काकांचं बीपी

मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना मी एक कुटुंब दत्तक घेतलं. तेव्हा मी नवीन पनवेलला आईबाबांकडे राहत होते, माझ्या मोबाइलचा रिचार्ज बाबा करत होते आणि डबा आई भरत होती.

यात माझा काही परोपकार नव्हता, तो अभ्यासक्रम होता. आमच्या सरकारी कॉलेजच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एखाद्या गावातली घरं वाटून दिली जायची. शिक्षण संपेपर्यंत अधूनमधून त्या घरी जायचं, माणसांची वजनं, बीपी बघायची, कोणाला काही निघालं तर त्याला आमच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत आणायचं, अशी योजना होती. तिला सगळे 'कुटुंब दत्तक' म्हणायचे. हे नाव ज्यांनी ठेवलं ते पनवेलच्या आजूबाजूच्या गावांत कधी फिरले नसावेत. तिथे जमिनींवरून रस्ते गेलेत, इमारती गेल्यात, भावाभावांचे दावे चालू आहेत. अशा ठिकाणी 'दत्तक' हा शब्द कोणी हसत ऐकून घेत नाही. पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या वाट्याला आलेलं गाव उरणच्या रस्त्यावरून खाडीच्या अंगाला आत वळल्यावर लागायचं. कॉलेजच्या बसने आम्हाला देवळापाशी सोडलं. तिथून आशाताई, म्हणजे गावात आरोग्याचं काम बघणारी तिथलीच एक बाई, मला एका तीन मजली गुलाबी घरापाशी घेऊन गेली. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह. अंगणात छपराखाली शर्यतीचा एक पांढरा बैल, आणि बैलाच्या डोक्यावर पंखा. ओट्यावर झोपाळा, आणि झोपाळ्यावर गंजीफ्रॉक घातलेले, गळ्यात जाड साखळी आणि ओठावर जाड मिशी असलेले काका.

"काका," आशाताई म्हणाली, "ही डॉक्टरीन. तुमाला दत्तक घ्यायला आलीय."

काकांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"कोण कोणाला?"

"ही तुमाला."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पांढरा ॲप्रन, पाठीला सॅक, हातात बीपीचं यंत्र. मग ते सावकाश म्हणाले, "माझे तीन पोरगे हायत. तिघांत वाटणी करताना माझे केस गेले. चवथा वारस मी घेनार नाय. कंच्या वकिलानं पाठवली तुला?"

मी घाईघाईने सांगितलं की मला जमीन नको, प्लॉट नको, कुठे सहीसुद्धा नको, फक्त त्यांच्या तब्येतीकडे बघायचंय. हे ऐकून त्यांचा संशय आणखीच वाढला. काही नको म्हणणारा माणूस त्यांनी त्या भागात बरेच दिवसांत पाहिला नव्हता.

एवढ्यात ओले हात पदराला पुसत काकी बाहेर आल्या. नऊवारी, कपाळभर कुंकू, चेहरा हसरा. आशाताईने त्यांना सगळं सांगितलं. काकी म्हणाल्या, "मना पोरगी नाय. ही राहू दे." आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. त्या घरात निकाल कोण देतं, ते मला तेव्हाच कळलं.

काका मात्र शब्दाचा हिशोब सोडायला तयार नव्हते. "दत्तक तू घेतलास, मंजी तू आई झालीस," ते म्हणाले. "बरं हाय. या वयात आई मिळाली." त्या दिवसापासून साठी ओलांडलेला तो माणूस मला सगळ्यांदेखत 'आई' म्हणायला लागला. माझ्याबरोबरच्या मुलामुलींनी ते बसमध्ये नेलं, बसमधून होस्टेलवर, आणि परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच 'आई' अशी हाक मारायचं.

पाणी पिऊन झाल्यावर मी काकांच्या दंडाला पट्टा बांधला. यंत्रावर जो आकडा आला तो मी त्याआधी फक्त पुस्तकात पाहिला होता. पुन्हा घेतला. तोच. दुसऱ्या हातावर घेतला. थोडा जास्तच.

"हात उपटून घरी नेशील का आता?" काका म्हणाले.

"काका, तुमचं बीपी खूप जास्त आहे. डोकं दुखतं का? चक्कर?"

"मना काय नाय. तुझा मशीन बिघडलाय."

यंत्र चांगलं आहे हे पटवायला मी तोच पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. घाबरल्यामुळे माझंही चढलेलं आलं. काका बैलाकडे बघून म्हणाले, "ह्याला पन लाव. ह्याचा पन तेवढाच येईल."

मी बैलाचाच धागा पकडला. "बैलाला बरं नसलं तर काय करता?"

"डॉक्टर बोलवतो. लगेच."

"मग तुम्हाला बरं नसलं तर?"

"मी शर्यत धावतो का?"

आमच्या मॅडमनी आम्हाला बजावून ठेवलं होतं की पहिल्या भेटीत भांडायचं नाही, एकच सोपा सल्ला द्यायचा. बीपीवाल्याला द्यायचा सोपा सल्ला मला पाठ होता. मी म्हणाले, "निदान जेवणातलं मीठ कमी करा."

आशाताईने माझा ॲप्रन मागून ओढला, पण उशीर झाला होता. काका झोपाळ्यावरून उठले.

"पोरी, माझा बाप मिठागरात मेला. त्याचा बाप मिठागरात वाढला. हे घर दिसतंय ना, हे त्या मिठागराच्या जमिनीवर उभा हाय. आख्ख्या मुंबईनं आमचा मीठ खाल्ला. आनि तू माझ्या ओट्यावर उभी राहून सांगतेस, मीठ कमी खा?"

त्यांनी मला घालवून दिलं नाही. काकींनी पोहे केले होते, ते खाऊनच जायला सांगितलं. पोह्यांत मीठ बेताचं होतं. काकांनी माझ्यासमोर त्यावर वरून मीठ घेतलं आणि माझ्याकडे बघत खाल्लं.

मी मनात ते कुटुंब सोडून दिलं होतं. पण काकींनी माझा सल्ला ऐकला होता, आणि त्या बाई अर्धवट काही करणाऱ्या नव्हत्या. मी म्हणाले होते 'कमी', त्यांनी मीठ बंदच केलं. कालवण अळणी, भाकरी अळणी, सुके बोंबील धुऊन धुऊन अळणी. काकांनी खिशात मिठाची पुडी बाळगायला सुरुवात केली. काकींनी खिसे तपासायला सुरुवात केली. मग काका जेवणाच्या वेळेला सहज म्हणून शेजारीपाजारी जायला लागले. बरं चाललंय ना विचारायचे आणि पानावर बसायचे.

हे सगळं मला आशाताईने फोनवर सांगितलं. "तुजे काका गावभर जेवतात ग. लोकं बोलतात, बायकोनं टाकला का काय."

हे बोलणं काकींच्या कानावर गेलं तेव्हा त्या घरोघरी गेल्या आणि माझ्या नावावर सांगून आल्या, की डॉक्टरीन बाईनं सांगितलंय, ह्याला मीठ द्यायचा नाय. गावाने ते मनावर घेतलं. कोणाला स्वतःच्या घरचं मीठ कमी करायचं नव्हतं, पण काकांचं कमी करायला सगळे तयार होते.

पुढच्या भेटीला बस देवळापाशी थांबली तेव्हा काका तिथे उभे होते. ते मला न्यायला आले होते.

"ये आई," ते म्हणाले. "तुझीच वाट बघत होतो. हिला सांग."

मग मी ओट्यावर बसून तह केला. माणशी दिवसाला चहाचा एक सपाट चमचा मीठ, त्यातच सगळा स्वयंपाक. पापड, लोणचं, सुकी मासळी रोज नाही, कधीतरी. वरून मीठ घ्यायचं नाही. आणि दर भेटीला मला बीपी बघू द्यायचं. काका चमच्याच्या आकारावरून बराच वेळ भांडले. त्यांनी आणलेला चमचा कालवण वाढायचा होता. शेवटी काकींनी चहाचा चमचा काढला आणि तो खिळ्याला टांगला.

तहाच्या आनंदात काकींनी मला सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, आणि सुक्या बोंबलांची पिशवी बांधून दिली. आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. ती पिशवी मी नको म्हणू शकले नाही आणि घरात नेऊ शकले नाही. रात्रभर ती जिन्यात इलेक्ट्रिक मीटरच्या कपाटात ठेवली. सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी एकेक मजला वास घेत फिरत होते. आईने मला विचारलं, "तू तिकडे डॉक्टर व्हायला जातेस ना?"

मीठ कमी झालं, तरी बीपी हवं तेवढं उतरलं नाही. रुग्णालयात चला, तपासण्या करू, गोळी चालू करू, असं मी दर भेटीत सांगायचे. काकांचं उत्तर ठरलेलं. गोळी एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही. "मरेपर्यंत चालणारी एक बायको हाय," ते म्हणायचे. "दुसरी गोष्ट नको."

अशात, मी दुसऱ्या वर्षाला असताना, काकांच्या पुतण्याची हळद आली. मला आमंत्रण नव्हतं, हुकूम होता. काकींनी साडी पाठवली, पिवळीधमक. मी आईला सांगितलं की हीसुद्धा फील्ड व्हिजिट आहे, आणि गेले. सॅकमध्ये सवयीने बीपीचं यंत्र राहिलं होतं.

मांडव पूर्ण मैदानभर. दिवेलागणीला डीजे सुरू झाला आणि माझ्या छातीतून ढोल वाजायला लागले. काका मधोमध नाचत होते. नाचता नाचता ते थांबले, हात पुढे केला, काहीतरी पकडायला गेले आणि होते तिथेच खाली बसले.

लोक म्हणाले नजर लागली. कोणी कांदा आणला, कोणी मीठमोहऱ्या उतरवून टाकायला आणल्या. काकींनी मीठ बघितल्याबरोबर त्या बाईला मागे ढकललं. मी हळदीने माखलेल्या हातांनी काकांच्या दंडाला पट्टा बांधला आणि ओरडून डीजे बंद करायला लावला. आकडा पहिल्या दिवसापेक्षा वाईट होता. काकांनी तो माझ्या चेहऱ्यावर वाचला असावा. "आई," ते बारीक आवाजात म्हणाले, "उद्या जाऊ तुझ्या दवाखान्यात."

"उद्या नाही. आत्ता."

गाडी काढायला काकांचा मुलगा गेला. काकांना खुर्चीवर टेकवून बसवलं. डोळ्यांपुढची अंधारी गेली होती, पाणी प्यायले, बोलणं नीट होतं. माझा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात नवऱ्या मुलाचा मामा शर्टाची बाही वर करून माझ्यासमोर उभा राहिला. "बघ माझा पन." त्याच्यामागे आणखी एक. त्याच्यामागे रांग.

डीजे बंद असल्यामुळे डीजेवाल्याला काम नव्हतं. माइक मोकळा होता. हळदीला आहेर पुकारायची त्याला सवय होती. मी मामांना आकडा सांगितला आणि तो मैदानभर घुमला. "नवरदेवाचे मामा, एकशे साठ! टाळ्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याचा एकशे सत्तर आला, त्याला जास्त टाळ्या. एका धिप्पाड गृहस्थांचं बीपी अगदी नेमकं, हवं तेवढं आलं, तर टाळ्या पडल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "माझा कमी का आला? परत बघ ना." मी सांगितलं की कमी असणं चांगलं असतं. त्यांना ते पटलं नाही. ते दोनदा मैदानाला फेरी मारून पुन्हा रांगेत आले.

गाडी मांडवाच्या दाराशी आली तेव्हा ती एकटी नव्हती. काकांच्या गाडीमागे आणखी चार गाड्या होत्या, आणि त्यांत एकशे पन्नासच्या वरचे सगळे.

आमच्या रुग्णालयाच्या अपघात विभागाने दंगली पाहिल्यात, पण पिवळ्या रंगाचा एवढा मोठा जमाव पाहिला नव्हता. सिस्टरनी विचारलं, "विषबाधा झाली का?" मी खालच्या मानेने म्हणाले, "नाही, बीपी." ड्यूटीवरच्या सीनियर डॉक्टरने माझ्याकडे, माझ्या साडीकडे आणि माझ्या गालांवरच्या हळदीकडे पाहिलं आणि काकांना आत घेतलं. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी ओपीडीत यायला सांगून परत पाठवलं.

काकांना दाखल करून घेतलं. सकाळी आमचे सर राउंडला आले. सर म्हणजे मेडिसिनचे प्रमुख, त्यांच्यासमोर आमचे निवासी डॉक्टरसुद्धा श्वास मोजून घ्यायचे. त्यांच्यामागे विद्यार्थ्यांची झुंड. सरकारी शिकवण्याच्या रुग्णालयात पेशंटच्या खाटेभोवती अशी गर्दी रोजचीच. एकेकाने स्टेथोस्कोप लावून काकांची छाती ऐकली, एकेकाने नाडी पाहिली, एकेकाने उजेड टाकून डोळ्यांच्या आत पाहिलं. इतर पेशंट वैतागतात. काका फुलले होते. खासगी दवाखान्यात एक डॉक्टर यायचा, तोही घाईत. इथे एका बीपीला एवढे डॉक्टर.

सरांनी विचारलं, "डोळ्याच्या पडद्यावर काय दिसलं? कोण सांगेल?"

काका उशीवरून उठून बसले आणि माझ्याकडे बोट केलं. "हिला इचारा. ही माझी हाय."

मी डोळ्याच्या आत पाहिलं होतं आणि मला लाल धुक्याशिवाय काही दिसलं नव्हतं. मी तसं म्हणाले. सरांनी दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. प्रत्येक प्रश्नाबरोबर माझा आवाज लहान होत गेला. चौथ्या प्रश्नाला काका मध्ये पडले.

"ओ सायेब, जरा हलू इचारा. पोरगी घाबरली."

वॉर्डात कोणीतरी हातातला ट्रे खाली ठेवला. सर काकांकडे वळले. "तुम्ही हिचे कोण?"

काकांनी विचार केला. कागदोपत्री ते माझे दत्तक कुटुंबप्रमुख होते, बोलण्यात मी त्यांची आई होते. "ते जरा गुंत्याचं हाय," ते म्हणाले. "पन हिनंच मना पकडून आनला. तुमच्यातला दुसरा कोन माझ्या घरी आला नाय."

सर हसले. चार वर्षांत मी त्यांना तेवढं एकदाच हसताना पाहिलं. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, स्वतः मागे उभं राहून माझ्या हातातलं डोळ्यात बघायचं यंत्र वळवलं, आणि धुक्यातून मला पहिल्यांदा डोळ्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. मी "दिसलं" म्हणाले. काका म्हणाले, "काय हाय आत?" मी म्हणाले, "गोळी घ्यायला हवी, असं आहे." त्यांनी मान हलवली.

हे सगळं चालू असताना काकी खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. चपला काढून त्या पाय फरशीला घासत होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "तुमची लादी बरी हाय. थंड लागते."

"पाय दुखतात का काकी?"

"आग होते. रात्री बादलीत पाय घालून बसते. वय झाला ना."

मी त्यांचं बीपी बघायचं म्हटलं की दर भेटीत त्या हसत आत निघून जायच्या. चुलीवर काहीतरी असायचंच. त्या दिवशी वॉर्डात चूल नव्हती. सिस्टरने बोटाला सुई टोचली, आणि साखर एवढी निघाली की सिस्टरने माझ्याकडे बघून नुसत्याच भुवया उंचावल्या. ज्या बाईने गावभर फिरून नवऱ्याचं मीठ बंद केलं, ती स्वतः गेली कित्येक वर्षं पायांची आग बादलीत विझवत होती.

मी काकांना सांगितलं तेव्हा ते खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "मना कधी बोलली नाय ती." आणि थोड्या वेळाने, "मी इचारलाच नाय."

त्यांनी खाटेवरून हाक मारली. काकी आल्या. दोघं एकमेकांशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, मी पडद्याच्या या बाजूला होते. काकी बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. "बोलतात, तुजी साखर आता मी बघतो. मेला, मी ह्याच्या मिठाचं जे केला ना, त्याचा सूड घेनार हा."

सूड त्यांनी घेतला. घरी गेल्यावर काका काकींच्या चहाची चव घ्यायला लागले. देवळातला प्रसाद काकींच्या हातात पडायच्या आत स्वतः खायला लागले. लग्नात बासुंदीच्या टोपाशी पहारा द्यायला लागले. काकी मला फोन करायच्या, "ह्याला आवर ग पोरी." पण दोघांच्याही गोळ्या चालू होत्या, आणि एकाने चुकवली तर दुसरा बोंब मारायचा.

गेल्या वर्षी माझी इंटर्नशिप झाली, तेव्हा योगायोगाने माझी नेमणूक त्याच भागातल्या आमच्या आरोग्य केंद्रात होती. एका सकाळी लवकर गावात गेले. खाडीकडे जाणाऱ्या नव्या रस्त्यावर काका एका मोरीच्या कठड्यावर बसले होते, घामाघूम. डॉक्टरने दोघांना रोज चालायला सांगितलं होतं.

"काकी कुठेत?"

त्यांनी हनुवटीने पुढे दाखवलं. दूरवर बायकांचा एक घोळका झपाझप चालला होता. सगळ्यांत पुढे काकी होत्या. नऊवारीचा काष्टा आणि खाली लालभडक स्पोर्ट शूज, मोठ्या सुनेने आणलेले.

"आधी मी पुढं आनि ती मागं असायची," काका म्हणाले. "आता आख्ख्या गावच्या बाया जमवल्या. माझ्यासाठी थांबत नाय. जा, तिला सांग, हलू चाल."

मी धावत गेले. घोळक्याला गाठता गाठता माझा दम गेला. काकींनी मान न वळवता, हात न थांबवता मला सांगितलं, "चालताना बोलू नको पोरी. घरी जाऊन बस, मी येते."

मी परत फिरले आणि काकांच्या शेजारी कठड्यावर बसले. त्यांनी सरकून जागा दिली.